सचिनच्या कोपऱ्यावरचा फळा

मी, श्रीमती सुनंदा निंबा बोरसे, निवृत्त शिक्षिका, राहणार सचिन, तालुका चोर्यासी, जिल्हा सुरत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी माझ्याशी वाद घालून खात्री करून घ्यावी. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. नशापाण्याचा तर प्रश्नच नाही, चहासुद्धा मी हल्ली बिनसाखरेचा पिते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा मुलाशी भांडण झाल्यावर रागाच्या भरात "माझं सगळं पांजरापोळाला" असं कोपऱ्यावरच्या फळ्यावर लिहिलं होतं, ते दुसऱ्या दिवशी पुसलं आहे. ते कोणी धरू नये.

माझे पती निंबा पुंडलिक बोरसे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये लूम दुरुस्त करत. ते हयात नाहीत. मला मुलगा हर्षल, राहणार अडाजण, आणि मुलगी पल्लवी, राहणार नाशिक, अशी दोन अपत्ये आहेत. दोघंही गुणी आहेत. एकमेकांसमोर आले की गुण लपतात, एवढंच.

कलम १. सचिनमधले राहते घर हर्षल आणि पल्लवी यांना समान हिश्श्याने द्यावे. "मुलीचं लग्न करून दिलं, आता तिचा काय संबंध" असं जो नातेवाईक म्हणेल त्याला माझ्या दिवसांचं जेवण वाढू नये. हे घर कलम पाचमधल्या अटीसह मिळेल. ती अट हर्षलने दोनदा वाचावी.

कलम २. बँकेतली शिल्लक दोघांनी वाटून घ्यावी. तेराव्याला श्रीखंड करू नये. हर्षलला ते पचत नाही आणि तो ऐकतही नाही.

कलम ३. यजमानांची हत्यारांची पेटी लखनला द्यावी. लखन त्यांच्या हाताखाली शिकला आणि आता बमरोलीत स्वतःचे लूम दुरुस्त करतो. यजमान पाना मागितला तर देत नसत, "बायको माग, पाना मागू नको" असं म्हणत. मी ते आतल्या खोलीतून ऐकत असे. लखनला पेटी मिळाली की त्यानेही ती कोणाला देऊ नये.

कलम ४. मांड्यांचं खापर रुकैयाबेन जुमाभाई सिद्दी यांना द्यावं. खानदेश सोडून पहिल्यांदा मी कोणाला हातावरचे मांडे शिकवले असतील तर त्यांना. पहिल्या वर्षी त्यांचा मांडा चुलीत गेला, दुसऱ्या वर्षी माझ्या मांड्याहून मोठा झाला. आता ईदला त्या मांडे करतात आणि घरातले लोक शिरखुर्म्यात बुडवून खातात. आमच्या अमळनेरला हे कळवू नये.

माझ्या नणंदेने, म्हणजे ज्योतीवन्संनी, नेलेला प्रेशर कुकर मी त्यांनाच देते. तो त्यांनी परत आणून देण्याची वाट आता कोणी पाहू नये.

कलम ५. माझ्या घराच्या कंपाउंडची रस्त्याकडची भिंत, तिच्यावरचा काळा फळा, खडूंचा डबा, आणि त्या फळ्यावर रोज लिहिण्याचा हक्क मी फरीदा सिद्दी हिला देते. ही रुकैयाबेनची नात. अंगणवाडीत काम करते.

माझी वकील तेजस्विनी ही माझीच विद्यार्थिनी. ती म्हणाली, "बाई, भिंतीची एक बाजू मृत्युपत्राने देता येत नाही. भिंत द्यायची तर दोन्ही बाजू द्या." मी म्हटलं, आतल्या बाजूला माझी तुळस आहे, ती पल्लवीची. मग तिने असं लिहायला सांगितलं: घर ज्याला मिळेल त्याने फरीदाला तिच्या हयातीत भिंतीवर लिहू द्यावे, तिथे जाहिरात, फ्लेक्स किंवा वाढदिवसाचे फोटो लावू नयेत. "आई, त्या भिंतीला क्लासवाले महिन्याला भाडं देतील" हे हर्षलचं वाक्य मी विसरलेले नाही.

फरीदालाच का, हे लिहिणं भाग आहे, कारण मी गेल्यावर हा प्रश्न सगळे विचारतील आणि उत्तर द्यायला मी नसेन.

मी फळा सुरू केला तो साध्या कामासाठी. डावीकडे गुजरातीत, उजवीकडे मराठीत: पाणी कधी येणार, कोणाला मुलगी झाली, कोण वारलं, कोणाची बकरी कोणाच्या ओट्यावर सापडली. गुरुवारी खालच्या कोपऱ्यात गावचा इतिहास. हा इतिहास मला जुमाभाईंनी सांगितला. रुकैयाबेनचे यजमान, शेजारच्या गल्लीत त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आले. कोणी खलाशी म्हणून, कोणी शिपाई म्हणून, कोणाला विकत आणलं. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एकाला पेशव्यांशी झालेल्या करारात इथली गावं मिळाली आणि सचिनचं संस्थान झालं. जुमाभाईंचे आजोबा नवाबाच्या मिरवणुकीत ढोल वाजवत. म्हणजे आपण ज्या रस्त्यावर भाजी घेतो तिथे एके काळी काळ्या माणसाचं राज्य होतं, आणि आपल्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. आपल्याला सिद्दी माहीत तो शाळेतल्या धड्यापुरता, शत्रू म्हणून. शेजारचा सिद्दी रोज आपल्या मोटारसायकलचं पंक्चर काढत होता, तो कोण हे कोणी विचारलं नाही.

सुरतेत राहून शिवजयंती करायची म्हणजे आधीच जरा जपून वागावं लागतं. पण आमच्या मंडळाचे अध्यक्ष भगवानराव महाजन यांना जपणं माहीत नाही. एका वर्षी त्यांनी जंजिऱ्याचा देखावा केला. साड्यांच्या खोक्यांचा किल्ला, मागून दोरी ओढली की कोसळणारा. सिद्दी म्हणून सुतारांच्या राहुलला तव्याची काजळी फासून उभं केलं. समोर जुमाभाई सगळ्यांना सरबत वाटत होते. त्यांनी राहुलकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, सिद्दी जोईतो हतो तो मने कहेवुं हतुं ने!" सिद्दी हवा होता तर मलाच सांगायचं, हे ऐकून सगळा चौक हसला. जुमाभाईही हसले. रुकैयाबेन मात्र हसल्या नाहीत. त्या उठून घरी गेल्या, हे मी बघितलं आणि मला फार लागलं.

पुढच्या वर्षी मंडळाने जुमाभाईंना मानाने बोलावलं. त्यांनी जरीचा फेटा बांधला आणि किल्ल्यामागच्या चौथऱ्यावर उभे राहिले. मावळे आले, घोषणा झाल्या, भगवानरावांनी दोरी ओढली. किल्ला जागचा हलेना. पुन्हा ओढली. जुमाभाई दोरीवर पाय रोवून उभे होते.

भगवानराव खालून ओरडले, "जुमाभाई, पाय काढा! किल्ला पाडना शे!"

जुमाभाई वरून शांतपणे म्हणाले, "जंजीरा कोई दिवस पड्यो नथी, तो आजे केम पडे?"

हे खरं होतं. आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या प्रयत्न केले, तो किल्ला हाती आला नाही. इतिहास शिकवणारी मी तिथे उभी होते, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जुमाभाईंचं बरोबर आहे. मावळे तसेच उभे राहिले, मग कोणीतरी त्यांना सरबत दिलं आणि कार्यक्रम आटोपला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं: "काल जंजिरा पडला नाही. देखावा तरीही उत्तम झाला." भगवानराव माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. ते वर्ष छान गेलं.

जुमाभाई गेल्यावर त्यांच्या गोष्टी फरीदाकडे आल्या. ती मराठी कोणाकडे शिकली नाही. बसची वाट बघताना हाच फळा वाचून शिकली. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी तिनेच फळा सांभाळला. गुजरातीच्या सवयीने तिच्या मराठी अक्षरांना वरची रेघ नसते. मंडळातल्या काहींनी कुरकुर केली. बातमी मात्र एकही चुकली नाही, आणि भेस्तानच्या सिद्दी घरांमधल्या लग्नांच्या बातम्या पहिल्यांदाच फळ्यावर आल्या.

कलम ६. भगवानरावांना मी क्षमा देते. ती त्यांनी मागितलेली नाही, म्हणून पोहोचती करावी लागत आहे. शिवाय त्यांना माझी लोखंडी खुर्ची द्यावी. ते रोज संध्याकाळी फळा वाचायला उभे राहतात आणि "मी नुसता जात होतो" असं सांगतात. यापुढे बसून वाचावा.

कलम ७. आज रविवारी सह्या करायला सगळे जमले, तेव्हा तेजस्विनीने मृत्युपत्र मोठ्याने वाचलं. कलम पाच संपताच भगवानराव म्हणाले, "मास्तरीणबाई, बाकी सगयं बरोबर शे. पन फया आपला, मराठी लोकस्ना शे."

मी उत्तर द्यायच्या आत फरीदा बोलली. हळूच, कोणालाही न टोकता. "बेन, तमे जशो पछी आ लोको मने लखवा देशे?"

मी गेल्यावर हे लोक तिला लिहू देतील का, असं ती विचारत होती. कागद भक्कम आहे, तेजस्विनी हुशार आहे. पण मी गेल्यावर रोज सकाळी त्या भिंतीसमोर उभं राहायचं ते फरीदालाच, एकटीने. मी भांडण तिच्या नावावर करून स्वतः निघून जाणार होते. हे मला अजिबात आवडलं नाही.

म्हणून मी खडूंचा डबा मागवला आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला. फळा आजपासून तिचा. मी खुर्ची टाकून बाजूला बसणार. कोणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणावं, मला वेळच वेळ आहे. भगवानराव माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आते तुमना मोरे कोन बोली?" मी म्हटलं, त्याच्यासाठीच तर.

तेजस्विनी म्हणते की हयातीत दिलेली वस्तू मृत्युपत्रात देता येत नाही, तेव्हा कलम पाचमधला फळा आणि खडू वगळले असे समजावे. भिंतीची अट आहे तशीच राहील. खुर्चीही आत्ता लगेच मिळणार नाही, भगवानरावांना थांबावं लागेल. मृत्युपत्राची व्यवस्था तेजस्विनीने पाहावी.

सह्या करायच्या आधी फरीदा बाहेर गेली आणि तिने आजची बातमी लिहून टाकली. ती मी स्वतः रस्त्यावर जाऊन वाचली. माझ्या मागे भगवानरावांनीही वाचली, आणि ते हसू लागले ते थांबेचनात. ती अशी:

"आज सुनंदाबेने मृत्युपत्र केले. तबियत सरस आहे. कोणी रडत येऊ नये, चहा मिळेल."

लिहून देणार: सुनंदा निंबा बोरसे

साक्षीदार:
१. शुभम सुकलाल वाघ, राहणार भेस्तान.
२. भगवान त्र्यंबक महाजन, राहणार सचिन. (सगळे वाचून सही केली. खुर्चीची घाई नाही.)

ठिकाण: सचिन, जिल्हा सुरत
दिनांक: ७ डिसेंबर २०२५