अठ्ठावीस पौंड

१७ जानेवारी, बुधवार, सकाळी ९.४५

काकांच्या दुकानात मशीनवर क्लबच्या डावऱ्या खेळाडूच्या तिसऱ्या बॅडमिंटन रॅकेटला गटची तार ओवून शेवटची गाठ मारत होतो. आधी दारूचा वास आला, मग तो. सकाळी पावणेदहाला! तारांचा ताण त्याने सांगितलेलाच — अठ्ठावीस पौंड. माझ्याकडे न बघता त्याने तिन्ही रॅकेटी उचलल्या.

आठवीत शाळा सुटली तेव्हा याला बघायला मी क्लबच्या कुंपणाबाहेर उभा राहायचो. शटलचं फूल जाळीवरून असं सोडायचा, की समोरचा धावायचाच नाही, नुसता बघत राहायचा. चार वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "माझ्या रॅकेटला या पोराशिवाय कुणी हात लावायचा नाही." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आज तो गेल्यावर शेजारचा शिंपी म्हणाला, "पुढच्या वेळी रॅकेटच्या मुठीत बाटली उघडायचं ओपनर बसवून दे. गिऱ्हाईक खूश." काका हसले. मीही हसलो. आधी कधी हसलो नव्हतो.

१८ जानेवारी

संघाच्या निवडीचा सामना डावरा हरला. ११–२१, ८–२१. एकोणीस वर्षांच्या मुलाकडून. तीन वेळा फूल रॅकेटला लागलंच नाही.

१९ जानेवारी

दुकानात चार गिऱ्हाइकं असताना आला, रॅकेटी काउंटरवर टाकल्या. "ढिल्या आहेत. दोन पौंड कमी." एक तळहातावर आपटून म्हणाला, "ऐक." मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. मी वही उघडली. तारीख, वेळ, अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस.

"मी वहीने खेळत नाही."

शिंपी दारातूनच, "दोन पौंड कमी नाही राजा, दोन पेले जास्त." सगळे हसले. त्याने रॅकेटी उचलल्या. जाताना हळूच म्हणाला, "मशीन तपास रे एकदा."

मी कुलूप दोनदा ओढून बघणारा माणूस. गॅस तीनदा. पण एका बेवड्याने सांगितलं म्हणून मशीन तपासायचं? नाही तपासणार.

२३ जानेवारी

क्लबच्या सचिवांचा निरोप. डावऱ्याने समितीकडे पुन्हा सामना मागितलाय. रॅकेटी ढिल्या होत्या असं निघालं तर सामना मिळेल, नाहीतर संघातून बाहेर. दुकानाचं लेखी हवं.

काका म्हणाले, "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

चार वेळा कच्चं लिहिलं. 'ताण अचूक अठ्ठावीस पौंड होता. रॅकेटी नेताना खेळाडू मद्याच्या अमलाखाली होता.' 'अंमल'चं सामान्यरूप शब्दकोशात बघून घेतलं. ताईने वाचलं. म्हणाली, "दुसरं वाक्य तुला विचारलं होतं का त्यांनी?"

विचारलं नव्हतं. ठेवलं. इतकी वर्षं कुंपणाबाहेर उभा राहिलो, त्याचं काय?

२७ जानेवारी

काढला संघातून. माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. शाबास म्हणायला शिंपी मुद्दाम आला. बरं झालं. बरंच झालं. जेवताना दोनदा ठसका लागला.

१ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

पहिली तारीख, म्हणून नेहमीसारखा मशीनला ताण मोजायचा काटा लावून बघितला. मशीनवर अठ्ठावीस. काट्यात सव्वीस. पाच वेळा लावला. पाचही वेळा सव्वीस.

सतरा तारखेपासून अकरा जण या मशीनवरच्या रॅकेटी घेऊन गेले. त्यात डावऱ्याला हरवणारा मुलगाही. कुणाला काही कळलं नाही.

काकांना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं. "ताणाचा स्क्रू फिरव आणि कामाला लाग."

फिरवला.