अब्बांची जीप

भाईजान, सलाम.

अब्बा गेल्यापासून त्यांची प्रवासी नेणारी जीप दारात उभी आहे. परवा तुमी फोनवर म्हणालात, "अब्बा स्वप्नात आले. म्हणाले, जीप विका, पोरीनं स्टेअरिंग धरू नये." तुमाला सांगितलं न्हाई, पण मलाही स्वप्न पडलं होतं. सेनगावच्या रस्त्यावर मी जीप चालवून राहिले होते आणि अब्बा बाजूला निवांत झोपले होते. दुसरं कुणी गाडी चालवत असलं की ते कधी डोळा मिटायचे न्हाईत, तुमाला ठाऊकच आहे.

दोन्ही स्वप्नं घेऊन मी कळमनुरीला अब्बा ज्यांना गुरू मानायचे त्या मुर्शिदांकडे गेले. "पीरसाहेब, खरं कोणतं?" मी विचारलं.

ते हसले. "बेटी, स्वप्न हा पाहणाऱ्याचा आरसा असतो. भावाला त्याची काळजी दिसली, तुला तुझी हिंमत. आता ती जागेपणी दाखव. पण स्वप्नाची दलील करून भावाला हरवू नको. न्हाईतर तुमी दोघं गेलेल्या बापालाच भांडायला उभं कराल."

म्हणून हे पत्र अर्धं ठेवून मी आत्ता तुमाला फोन केला. स्वप्नाचा शब्दही काढला न्हाई. एवढंच म्हणाले, "लायसन आहे माझ्याकडं. सोमवारपासून सेनगाव-हिंगोली गाडी मी चालवणार. जीप विकायची न्हाई."

तुमी हळूच विचारलंत, "ब्रेक तपासून घेतलेस का?"

पत्र आता पोस्टात टाकायची गरज उरली न्हाई.

तुमची बहीण,
ताहेरा