देठ पाहून सांग

बाबा,

परवा इंदूरला एका नर्सरीत अग्लोनिमाची, आपल्या त्या शोभेच्या झाडाची, कुंडी दिसली आणि मी खाली बसून आधी देठच पाहिला. पानावरचे पट्टे सावलीत बदलतात, उन्हात फिके पडतात, त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही. देठ पांढरा, हिरवा की गुलाबी, त्यावरून जात ठरवायची, हे तुमचंच. नर्सरीवाला म्हणाला, "दीदी, लेना है या बस दर्शन करने हैं?" मी उठले. तशी मी तिथं फक्त पत्ता विचारायला शिरले होते.

आपल्या जबलपूरच्या मागच्या अंगणात, हिरव्या जाळीखाली, साठेक कुंड्या. त्या उन्हाळ्यात तुम्ही रोज एकेक पुढे करता. "देठ पाहून सांग, कोणती?" मी सांगते, तुम्ही प्लास्टिकच्या पट्टीवर नाव लिहून मातीत खोचता. शाळा सोडून भटकणाऱ्या पोरीला निदान हे तरी यावं म्हणून परीक्षा घेताय, असं मला वाटतं. मी अभिमानानं फुगून जाते. तुम्ही इतक्या हळू आवाजात काहून विचारता, आई आत असली की गप्प काहून होता, हे डोक्यातच येत नाही.

मग एक दिवस मला भेडाघाटला मैत्रिणीकडे जायचं होतं आणि तुम्ही सोडेनात. "काहून एवढी घाई करून राहिली? ही सांग अन् जा." देठ गुलाबी होता, चांगला ठसठशीत. मी मुद्दाम म्हटलं, "पांढरा." आता ओरडाल म्हणून हसत उभी राहिले. तुम्ही कुंडी डोळ्यांशी नेली, फिरवली. "हो, पांढराच." आणि पट्टीवर पांढऱ्या देठाच्या जातीचं नाव लिहिलंत.

म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्या डोळ्यांनी पाहत होता. दारात स्कूटर उभी होती, राइट टाउनला गिऱ्हाइकांकडे पोचवायच्या कुंड्या तिच्यावर बांधलेल्या. आईला सांगितलं असतं तर तिनं किल्ली काढून घेतली असती. पण मग कुंड्या पोचवायला रोज मलाच जावं लागलं असतं. "चलो, येते," म्हणून मी निघाले.

तिसऱ्या दिवशी फोन आला. भर दुपारी, रस्त्याकडेला उभा असलेला ट्रक तुम्हाला दिसला नाही. आई येईल त्याला विचारत होती, एवढा मोठा ट्रक दिसला कसा नाही? मग माझ्याकडे वळली. "तुले काही समजलं होतं का? तू तर दिवसभर त्यांच्याजवळच राहायची." मी म्हटलं, नाही.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. हा कागद घरी ठेवता येत नाही, आई वाचेल. ती अजूनही अधूनमधून विचारते, आणि मी अजूनही नाहीच म्हणते.