ठकीचा सोमवार

भिवपुरी, ता. १२ जुलै १९३४

ती. ताईस, भालचंद्राचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझी ठकी सुखरूप पोचली. खालापूरहून टोपलीत येताना एकदाही ओरडली नाही. मांजरात तेवढे त्राणच उरलेले नाही. तिच्या मुताला मुंग्या लागतात हे तू पाहिलेस, म्हणून तर तुझ्या डॉक्टर मधूला मधुमेह ओळखता आला. पॉवर हाउसातली मंडळी मला हसतात. माणसाचे इन्सुलिन मांजराला टोचायला सांगणारा डॉक्टर मुंबईत असेल, पण ते टोचणारा मामा फक्त भिवपुरीत, म्हणतात.

बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली आहे. मधूचा नियम एकच, आधी मासळी पोटात, मग सुई. दूधभात बंद. मोतीबाई कोळीण पॉवर हाउसच्या सकाळच्या भोंग्याआधी नदीची मासळी आणते, त्यातलीच संध्याकाळी पुरवतो.

आज नळीत निळे औषध घेऊन ठकीचे मूत्र उकळून पाहिले. साखर फार असली तर रंग विटेचा होतो, थोडी असली तर हिरवा, नसली तर निळाच राहतो. आज विटेचा झाला. कॉलेजात रसायनाच्या तासाला मी इतका उत्सुक कधी नव्हतो. कुमुद म्हणते, तिच्या तापात मी इतक्यांदा नाडी पाहिली नव्हती. खरे आहे, आणि ते मनाला लागून राहिले आहे.

तुझा
भालचंद्र

खालापूर, ता. १७ जुलै

चि. भालचंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. पाटावर बसले की पदराला पंजा लागत नाही, जेवण गोड लागत नाही. एवढी वर्षे दूधभातावर साखर घालून मीच तिला आजारी पाडले का? मधू तसे नाही म्हणतो, पण आईला बरे वाटावे म्हणूनही म्हणत असेल.

काशीला मासळी सोडली, त्यानंतर या घरात खवला आलेला नाही, हे तू जाणतोस. म्हणून ती तुझ्याकडे. पुढेही मासळीवाचून जगणार नसेल, तर तुझ्याकडेच राहू दे. कुमुदला सांग, नवरा नाडी बघत नाही हे भाग्य समज. त्याच्या हाती आता सुई आहे.

माया आहेच, ती वाढव.
ताई

भिवपुरी, ता. १३ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आधीच सांगतो, ठकी जिवंत आहे आणि या क्षणी माझ्या शाईच्या दौतीवर डोळा ठेवून बसली आहे.

आज पहिला श्रावणी सोमवार. भोंगा झाला तरी मोतीबाईचा पत्ता नाही. मला पाळीवर जायचे होते. येईलच म्हणून मी आधी सुई दिली. मधूचा एकच नियम, तोही मी उलटा केला. मग कळले, कुमुदनेच मोतीबाईला सांगितले होते की सोमवारी मासळी नको. स्वयंपाकघर धुऊन सुके बोंबीलही शेजारी देऊन टाकले होते. तिचे म्हणणे, मांजराने एक सोमवार पाळला तर काय बिघडते, दूधभात आहे की. पण ठकीने ताटलीकडे पाठ फिरवली. थोड्याच वेळात तिचे पाय लटपटले, मान कलली, आणि ती माझ्या हातात ओल्या फडक्यासारखी पडली.

मी नुसता उभा होतो. कुमुदने देवापुढे मांडलेली नैवेद्याची साखर उचलली, पाण्यात कालवली आणि ठकीच्या हिरड्यांना चोळत राहिली. देवाला दाखवायच्या आधी, ताई. ठकीने डोळे उघडले तशी कुमुद भर पावसात डोईवर इरले घेऊन मोतीबाईच्या दारात गेली. मोतीबाई म्हणाली, अवो वैनी, तुमीच नको बोल्लाव ना, आन आता सोमवारी मासली मागताव? आणि हसत हसत घरचीच काढून दिली. कुमुदने ती स्वतः शिजवली, मग आंघोळ करून पुन्हा पूजेला बसली.

मी रजा टाकली. तुला न कळवता मधूलाच लिहावे असे क्षणभर मनात आले होते. तसे केले नाही, दोघांनाही लिहितो आहे.

रागावलीस तरी पत्र धाड.
भालचंद्र

भिवपुरी, ता. २६ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

निळा! ताई, निळा. माझे पत्र मिळताच मधूने सुई थांबवून रोज नळी उकळायला सांगितले होते. आधी हिरवा आला, मग फिका, आणि आता रोज निळाच. तो म्हणतो, तिचे शरीर स्वतःच सावरले असावे, म्हणूनच त्या सकाळी पोटात काही नसताना सुई इतकी भारी पडली. माझ्या चुकीतून हे लवकर उमगले, तरी चूक ती चूकच. कुमुद म्हणते, आता पुरे, नळी धुवा आणि हसा.

सुई नको, पण मासळी कायम हवी, दूधभात कधीच नको. विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारतो. ठकी इथेच ठेवू ना?

भालचंद्र

खालापूर, ता. २९ ऑगस्ट

चि. भालचंद्र यास अनेक आशीर्वाद.

ठेवू नकोस. काशीला मी माझे खाणे सोडले, ठकीचे नाही. देवाच्या आधी कुमुदच्या हातची साखर तिला मिळाली आणि देव काही रुसला नाही, तर माझ्यावर कशाला रुसेल? परसात, न्हाणीपलीकडे नवी चूल घातली आहे. एक पातेले वेगळे काढले आहे. काल शेजारच्या हिरूकडून मासळी आणवून शिजवून पाहिली, मीठ न घालता. वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटले. ते देवाला मी सांगितले आहे, तू कुणाला सांगू नकोस.

येत्या सोमवारीच आण. श्रावण संपायची वाट पाहू नकोस. कुमुदलाही घेऊन ये, आणि आधी तिची नाडी बघ.

पाटाशेजारी जागा पुसून ठेवली आहे.
ताई