ताइतातल्या गोळ्या

पाथर्डी,
२ डिसेंबर १९७१

ती. स्व. गहिनीदादास,
धाकट्या चांगुणाचा शि. सा. न. वि. वि.

तात्या तुझ्यासोबत ऊसतोडीला गेल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या त्यांच्या गोळ्या फडात हरवतील, म्हणून आईने नाथांच्या अंगाऱ्यासोबत त्यातल्या सहा ताइतात शिवून त्यांच्या गळ्यात बांधल्या. सुई मीच ओवून दिली. आज डॉक्टरांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, ही गोळी काचेच्या घट्ट बाटलीतच टिकते. घामाउन्हात तिचा जोर उडून जातो. श्रीरामपुरातून लगेच नवी बाटली घे. तोवर तात्यांना मोळी उचलू देऊ नकोस.

माया आहेच, ती दोन ओळींनी कळव.
तुझी चांगुणा

श्रीरामपूर,
७ डिसेंबर

चि. चांगुणास अ. उ. आ.

तुझं पत्र काल पोचलं. तात्यांना कळ परवाच आली. मोळी टाकून खाली बसले, ताईत दातांनी फाडला. एकामागून एक तीन गोळ्या जिभेखाली ठेवल्या, पण लागंना झाल्यात म्हणाले. ट्रकमधून दवाखान्यात नेलं. तिथल्या ताज्या गोळीने चार-पाच मिनिटांत कळ ओसरली. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरचा भार उतरतो, आजार मात्र जात नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग त्याच गोळीने डोकं ठणकू लागलं, तर तात्या म्हणतात, दुखणं खालच्या आळीतून वरच्या आळीत गेलं.

बाटली घेतली आहे. पण आईला खरं कळू द्यायचं नाही, असं तात्यांनी बजावलंय. ताइतानेच वाचवलं, असं वाचून दाखव.

आईला जप, स्वतःलाही.
गहिनीनाथ

पाथर्डी,
१४ डिसेंबर

ती. स्व. दादास शि. सा. न. वि. वि.

तात्यांचा शब्द मी मोडला. आधी तू सांगितलंस तसं वाचलं. कागदावर नसलेलं वाचायची माझी पहिलीच वेळ. आई नाथांना नारळ फोडून आली. परवा बघते तर घरच्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या नव्या ताइतात शिवत बसलेली. पुंजाराममामा तिकडे येणार होते, त्यांच्याबरोबर धाडायला. बाटली फडात नेऊ नका, असा निरोपही द्यायचा होता. तेव्हा सांगावंच लागलं.

तिने एकेक टाका उसवला. सुई मी ओवली होती म्हटलं, तर म्हणाली, शिवलं तर मी ना. तेव्हापासून जेवलेली नाही. तात्या बरे आहेत, हे तुझ्या पत्रातून तीनदा वाचून दाखवलं. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघते. पुढचं पत्र ती शेजारच्या केशरबाईच्या सुनेकडून वाचून घेणार आहे. तेव्हा जे असेल तेच लिही.

राग धरू नये, लोभ असू द्यावा.
चांगुणा