शेवटचं वळण आणि नवा प्रोसेसर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी पथ्य पाळतात, की अजून गोडाचा डबा पुस्तकांच्या मागे ठेवतात? इकडे सगळे ठीक. पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर तू मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू देत नाहीस, आणि आज मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

मी कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलला. तू तिकडे लांब राहायला गेल्यापासून रविवारी चारची मोटारींची शर्यत हीच काय ती आपली भेट, आणि तुझ्या चिरंजीवांनी वापरून दिलेला माझा कॉम्प्युटर वर्षभर नेमका शेवटच्या वळणावर अडकायचा, हे तुला माहीत आहेच. चित्र गोठायचं, हेडफोनमध्ये तुझं बोलणं मात्र चालू. (माझं लक्ष उडवायला बोलतेस असं मला वाटायचं. माफ कर.) आणि चित्र पुन्हा हललं, की मी तुझ्या पुढे! आधी कधी न जिंकलेला मी या वर्षात एकोणीस शर्यती जिंकलो. मग माझ्या मनाने घेतलं, की मोडक्या यंत्रावर एकोणीस, तर धडधाकट यंत्रावर ताईला चाकाची धूळसुद्धा दिसणार नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल तेव्हाच गोठ्यातून निघाला होता.

हिने परवानगी दिली, पण अटीवर. वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीला जे पैसे बाजूला ठेवलेत तेवढ्यातच भागवायचं, आणि मशीन सुरू होईपर्यंत कपडे मी धुवायचे. दुकानात दोघेही गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी मांडली. एकात चार कोअरचा प्रोसेसर, दुसऱ्यात सहाचा, तिसऱ्यात आठचा. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातले कामगार, असं त्याने समजावलं. पण तुमच्या गेममध्ये दोघंतिघंच राबतील, बाकीचे बघत बसतील. "म्हणजे आमच्या घरासारखंच की," ही म्हणाली. (घरात ही, मी आणि दोन मुलगे. रोख कोणाकडे होता ते मी विचारलं नाही.) आठवाला घ्यावा तर त्याला मदरबोर्ड नवा लागतो आणि त्या मदरबोर्डला रॅम नवी, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. चारवाला स्वस्त, पण दोन वर्षांत परत याल असं दुकानदार इतक्या आनंदाने म्हणाला की मी तो लांब सारला. मी खिशातून घड्याळदुरुस्तीचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचत दीड तास उभा राहिलो. एका गिऱ्हाइकाने मला तिथला तज्ज्ञ समजून कीबोर्डबद्दल सल्ला विचारला, आणि मी तो दिलाही. शेवटी जुन्याच मदरबोर्डवर बसणारा, मागच्या पिढीतला सहावाला घेतला. बिल झालं, पैसे दिले.

मग दुरुस्तीच्या टेबलावरच्या मुलीने आमचा कॉम्प्युटर उघडला, पंखा काढला आणि विचारलं, "काका, इथली पेस्ट कुठे गेली?" ताई, प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये एक करडी पेस्ट असते. प्रोसेसरची उष्णता ती पंख्यापर्यंत पोचवते. मला हे काय ठाऊक! गेल्या वर्षी मी हौसेने सर्व्हिसिंगला म्हणून ते उघडलं होतं. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, वाळलेलं काही दिसलं की पुसणारच. चकचकीत पुसलं, आणि वर माझ्याकडच्या उत्तमातल्या उत्तम घड्याळाच्या तेलाचा एक थेंबही सोडला. त्या मुलीने वास घेतला. "आणि हे तेल?" मी म्हटलं, "आधीच्या मालकाने घातलं असेल." (चिरंजीवांना सांग, मामाने नाव घेतलं नाही, फक्त मालक म्हटलं.) ती म्हणाली, जुना प्रोसेसर उत्तम आहे, नुसता तापून अडकत होता, चिमूटभर पेस्टने काम झालं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ! ही शेजारीच उभी होती. आता वॉशिंग मशीनचा विषय घरात कोणी काढत नाही आणि माझ्या हातांची सालं निघाली आहेत.

असो. रविवारी नव्या प्रोसेसरवर बसलो. चित्र लोण्यासारखं! शेवटच्या वळणावर आलो, तर मैलाच्या दगडापाशी तुझी लाल मोटार उभी. मला वाटलं, आज ताईचा कॉम्प्युटर अडकला! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पुढे गेलो, जिंकलो. दुसऱ्या शर्यतीतही तिथेच, त्याच दगडापाशी. तिसऱ्या वेळी मीच मागे मोटार थांबवली. तुझे मागचे लाल दिवे लागले होते, म्हणजे ब्रेकवर तुझा पाय होता. दोन मोटारी रस्त्यात उभ्या, आणि तू सहज म्हणालीस, "अरे, आज लवकर कसा आलास?"

ताई, एकोणीस वेळा? मला वाईट वाटलं, रागही आला. मी बावन्न वर्षांचा आहे, हरायची ऐपत आहे माझी. यापुढे थांबायचं नाही, एवढंच सांगायला हे पत्र.

तुझा,
(यापुढे स्वतःच्या हिमतीवर हरणारा) धाकटा भाऊ

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि रविवार आला, म्हणून हेडफोनवरच सांगितलं. तू "बरं" म्हणालीस. तीन शर्यती चौदा मिनिटांत संपल्या. तिन्ही तू जिंकलीस आणि "चल, मला कामं आहेत" म्हणून उठलीस. एरवी आपल्याला सहा वाजायचे. मी पावणेसहापर्यंत हेडफोन घालून तसाच बसून होतो.

ता. क. २. आठवून पाहिलं. तुझ्या गुडघ्याचं मला त्या वळणावर कळलं. भाऊजींच्या डब्याचंही. रात्री झोप लागत नाही, हेसुद्धा तू मला तिथेच, माझं चित्र गोठलेलं असताना सांगितलंस.

ता. क. ३. जुना प्रोसेसर परत बसवला आहे. पेस्ट लावली नाही, तेलाचा थेंब सोडला. नवा घड्याळाच्या पट्ट्यांच्या खणात ठेवला आहे. हिला कळू देऊ नकोस. आयुष्यभर लोकांची मागे पडणारी घड्याळं दुरुस्त केली, हे एक पडू दे मागे. रविवारी चारला येतो. दगडापाशी थांब.