मांडीवरची गिटार

दादर, एप्रिल १९६४

माझ्या आईस, लेक हरेश्वरचा सातपाटीकडे तोंड करून नमस्कार.

मी बरा हाय. सिनेमाच्या गाण्यांत गिटार वाजवायचं काम चालू हाय.

शिमग्याला होडी ओढताना दोरानं कापलेलं बोट भरलंय, पण तार दाबली की सुन्न पडतं. आज रेकॉर्डिंगला सूर फाटला. गाण्यात कुठलं वाद्य कुठं वाजवायचं ते ठरवणाऱ्या परेरासाहेबांनी सगळ्यांना थांबवलं. मी घाबरलो, तरी म्हटलं, “साहेब, हा तुकडा आडव्या गिटारवर गोड लागेल.” ती मांडीवर ठेवून लोखंडी दांडीनं वाजवतात, बोट दाबावं लागत नाय.

तिथल्याच एका आडव्या गिटारवर मी तो वाजवून दाखवला. ऐकून ते म्हणाले, “हेच ठेवू. पण उद्या साधी गिटार आण.”

काम मागायला आलेला दुसरा गिटारवाला रोज स्टुडिओच्या दाराशी बसतो, आई.

बोट सुन्न पडतं हे दादाला सांगू नकोस. होडी ओढायला त्यानंच बोलवलं होतं, जिवाला लावून घेईल. तुझा खोकला कसा हाय? बाजारात मासळीची पाटी हलकीच ने.

डॉक्टर म्हणाला, वाजवणं थोडे दिवस बंद ठेव. मी हो म्हटलं नि येताना नव्या तारा घेऊन आलो. त्या आता साध्या गिटारला चढवतोय.

तुझ्या हातच्या जेवणाची आठवण काढणारा,
हरेश्वर